रविवारी कोण आलं नाही?

चर्चमध्ये जागा कुणी वाटून दिलेल्या नसतात. तरी वर्षानुवर्षं तिसऱ्या बाकाच्या कडेला तेच कुटुंब बसलेलं दिसतं. ते लागोपाठ दोन रविवार दिसलं नाही की मागच्या बाकावरच्या बाईंना चुकल्यासारखं होतं, आणि उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना त्या पाळकांना विचारतात, "अमके दिसले नाहीत हो, बरे आहेत ना?" ख्रिस्ती मंडळीत अडल्यानडल्याला जी मदत होते तिची सुरुवात बहुतेक वेळा अशा चौकशीने होते. अर्ज, कमिटी, पैसा हे सगळं त्यानंतरचं.

मिशनच्या शाळा आणि दवाखाने सगळ्यांना माहीत आहेत. पण शे-दोनशे घरांच्या एका मंडळीत कुणावर वेळ आली की आत काय काय हलतं, कोण जातं, पैसा कुठून निघतो आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून काय करतात, हे बाहेर फारसं कुणी सांगत नाही. ते इथे टप्प्याटप्प्याने पाहू.

मराठीतून उपासना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे महाराष्ट्रात दोन मोठे प्रवाह आहेत. अहिल्यानगर, पुणे या पट्ट्यातले प्रॉटेस्टंट हा एक. त्यांच्यातल्या पुष्कळ मंडळ्या १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. ते स्थानिक चर्चला 'मंडळी' म्हणतात आणि तिच्या धर्मसेवकाला 'पाळक'. दुसरा प्रवाह वसई परिसरातल्या कॅथलिकांचा. त्यांचा 'धर्मग्राम' आणि त्यांचे 'फादर'. विधी वेगळे, कारभाराचे नियम वेगळे, पण अडचणीच्या वेळी कामाला लागायची रीत बरीचशी सारखी आहे.

खबर कशी लागते

पाळक एक आणि घरं दोनशे. एकट्याला सगळीकडची खबर राहणं शक्य नाही, म्हणून वस्तीचे विभाग पाडलेले असतात. प्रॉटेस्टंट मंडळीत विभागावर लक्ष ठेवायला एखादे 'वडील' किंवा डीकन नेमलेले असतात. कॅथलिक धर्मग्रामात शेजारशेजारच्या घरांचे लहान समूह असतात. मुंबई धर्मप्रांतात ही पद्धत १९८०च्या दशकात रुजली, आणि वसई १९९८पर्यंत त्याच धर्मप्रांताचा भाग होती.

असा समूह अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमतो. बायबलमधला उतारा वाचतात, चार गाणी म्हणतात आणि शेवटी कुणीतरी विचारतं, "कुणासाठी प्रार्थना करायची आहे का?" प्रश्न भक्तीचा आहे, पण घराघरातली खरी परिस्थिती कळायला त्याहून चांगला मार्ग नाही. 'आमच्याकडे पैसे नाहीत' असं चारचौघांत कुणी म्हणत नाही. 'आमच्या जावयाच्या नोकरीसाठी प्रार्थना करा' हे मात्र सहज म्हणता येतं, आणि ऐकणाऱ्यांना पुढचं न सांगता कळतं. मुलं संडे स्कूलला यायची थांबली, महिला मंडळाच्या सभेला कुणी सलग गैरहजर राहिलं, तरी अशाच वाटेने गोष्ट पाळकांपर्यंत पोचते.

या वाटेला एक धोकाही आहे. प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवरून गावभर होते. एचआयव्ही, दारू, घरातली मारहाण, मुलीचं फसलेलं लग्न असल्या बाबतींत एवढी प्रसिद्धी दुखण्यापेक्षा जड जाते. म्हणून जाणते पाळक आधी घरच्यांना विचारून घेतात: रविवारच्या प्रार्थनेत नाव घेऊ का, की नुसतं 'आजारी असलेल्या एका बंधूसाठी' म्हणू? या एका प्रश्नाने निम्मी कुजबुज थांबते.

भेट

समजा, तिसऱ्या बाकावरचं ते कुटुंब रिक्षाचालकाचं आहे. नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि म्हातारी आई. त्याच्या किडन्या निकामी होत चालल्याचं नुकतंच कळलं आहे.

पहिली भेट शक्यतो दोघांनी मिळून द्यायची असते. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली, तिने हीच पद्धत जगभर नेली. आपल्याकडेही अनेक कॅथलिक धर्मग्रामांत तिची शाखा असते. शाखेला 'कॉन्फरन्स' म्हणतात. सभासद दोघादोघांनी गरजू घरी जातात आणि बैठकीत काय पाहिलं ते सांगतात. तिथे घेतलेली नावं बैठकीबाहेर जात नाहीत. बैठक संपताना एक बंद पिशवी फिरते. सभासद स्वतःचे पैसे मूठ मिटून तिच्यात टाकतात. कुणी किती टाकले, कुणी नुसताच हात घालून काढला, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. घेणाऱ्याची लाज राखायची तशी देणाऱ्याचीही राखायची, हा त्यामागचा विचार.

दोघांनी जाण्याचे फायदे रोजच्या व्यवहारातले आहेत. एकटा माणूस भावनेच्या भरात भलतं वचन देऊन बसतो. दोघं असले की एक बोलतो आणि दुसऱ्याला घर पाहायला सवड मिळते. रिक्षा चार दिवस हललेली नसेल तर हप्ता थकत चालला आहे. शाळेच्या दिवशी मुलगी घरी असेल तर आजीला सांभाळायला तिला ठेवून घेतलं आहे. गोळ्यांच्या पाकिटातून एक दिवसाआड गोळी गेलेली दिसली, तर औषध पुरवून पुरवून घेणं चाललं आहे. यातलं काहीच कुणी तोंडाने सांगत नाही.

भेटीचे नियम कुठे छापलेले नसले तरी ठरल्यासारखे आहेत. कळवून जायचं, जेवणाच्या वेळी जायचं नाही. रोग्याच्या पलंगावर बसायचं नाही. आपल्या मावसभावाला हाच आजार झाला होता आणि तो कसा गेला, हे सांगायचं नाही. 'देवाची इच्छा' म्हणून घाईने समजूत घालायची नाही. दहा-पंधरा मिनिटं बसून एखादं स्तोत्र वाचायचं, बहुधा तेविसावं किंवा एकशे एकविसावं, लहानशी प्रार्थना करायची आणि उठायचं. उठताना पुन्हा कधी येणार ते सांगायचं, कारण आजाऱ्याला नुसत्या 'येतो पुन्हा'पेक्षा 'गुरुवारी येतो' जास्त धीर देतं.

कॅथलिक धर्मगुरूवर तर भेटीची जबाबदारी कायद्यानेच टाकलेली आहे. १९८३च्या चर्चच्या कायदेसंहितेतलं ५२९वं कलम सांगतं की त्याने कुटुंबांना भेटी द्याव्यात, त्यांच्या काळजी आणि दुःखात सहभागी व्हावं, आजाऱ्यांना, विशेषतः मरणाच्या दारातल्यांना मायेने मदत करावी, आणि गरीब, दुःखी, एकाकी यांचा शोध घ्यावा. यातलं 'शोध घ्यावा' महत्त्वाचं. गरजवंत दारी येईल म्हणून वाट पाहणं त्या कलमात बसत नाही.

घरी येणारी भाकर

आजारी माणूस चर्चला येऊ शकत नाही, तेव्हा चर्चचा सर्वांत महत्त्वाचा विधी, प्रभुभोजन, त्याच्या घरी जातो. या रिक्षाचालकाच्या घरी आधी निरोप येतो: एक लहान टेबल रिकामं ठेवा. त्यावर घरातला स्वच्छ पांढरा कपडा, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी. पाणी यासाठी, की तोंड कोरडं पडलेल्या रोग्याला घास गिळता यावा. प्रॉटेस्टंट पाळकांच्या हातात लहान पेटी असते. तिच्यात भाकर, द्राक्षरसाची बाटली आणि चिमुकले प्याले. कॅथलिकांकडे फादर किंवा नेमलेला प्रापंचिक (धर्मगुरू नसलेला) सेवक तळहातात मावेल एवढी झाकणाची गोल डबी आणतो. तिच्यात चर्चमधल्या मिस्साबलीत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, अर्पण केलेली भाकर असते. गिळायला त्रास होत असेल तर तिचा अगदी बारीक तुकडा देतात. घरातले बाकीचेही सोबत घेतात, त्यामुळे पलंगावरचा माणूस एकटा पडत नाही.

ही प्रथा फार जुनी आहे. इसवी सन १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने सम्राटासाठी एक निवेदन लिहिलं. आपले लोक रविवारी जमून काय करतात याचं वर्णन त्यात आहे. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन भाकर पोचवतात, असं त्याने नोंदवलं आहे. ऐपत असलेले लोक स्वखुशीने काही देतात, ते प्रमुखाकडे जमा होतं, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावाहून आलेल्या पाहुण्यांची सोय होते, हेही तो तिथेच सांगतो. घरी जाणारी भाकर आणि गरजूला जाणारा पैसा ही एकाच उपासनेतून निघालेली दोन कामं आहेत, हे त्या वर्णनातून कळतं.

तेल लावण्याचा विधीही असाच. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, अशी सूचना बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. कॅथलिकांत हा संस्कार फक्त धर्मगुरूच देतो, कपाळाला आणि हातांना तेल लावून. ते तेल बहुधा पवित्र आठवड्यात बिशपांनी आशीर्वादित केलेलं असतं. पूर्वी हा विधी अगदी मरणघटकेला होई, त्यामुळे 'फादर तेल घेऊन आले' म्हणजे आशा संपली असं लोक धरून चालत. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी विधीत सुधारणा केली. आता मोठ्या शस्त्रक्रियेआधी, वार्धक्यात, आजार बळावल्यावर तो घेता येतो आणि गरज पडल्यास पुन्हाही. जुनी भीती मात्र अजून पुरती गेलेली नाही. म्हणून समजूतदार फादर आधी म्हाताऱ्या आईला दोन शब्द समजावून सांगतात आणि मगच कुपी बाहेर काढतात.

पेटीतला पैसा

दर रविवारी फिरणाऱ्या थैलीतून चर्चचा रोजचा खर्च भागतो. गरजूंचा निधी बहुतेक ठिकाणी वेगळा असतो. काही मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या रविवारी त्यासाठी निराळं दान घेतात. कॅथलिक चर्चमध्ये संत अंतोनीच्या पुतळ्यापाशी गरिबांसाठी पेटी दिसते. हंगामाच्या सणाला लोक ज्वारी, भाज्या, नारळ, कोंबड्या, अंडी घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. साधा नारळ बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीला जातो, कारण बोली लावणाऱ्याला नारळ नको असतो, द्यायला निमित्त हवं असतं.

पैसा मोजायची जागा म्हणजे चर्चला लागून असलेली लहान खोली. उपासना संपली की दोघं-तिघं तिथे थैली टेबलावर उपडी करतात. नोटा लावतात, नाण्यांच्या चवडी रचतात, आकडा वहीत लिहून खाली सगळे सह्या करतात. पाळकांनी एकट्याने पैसे मोजायचे नाहीत, हा संकेत पाळकांच्याच भल्याचा आहे. कॅथलिक कायद्यात प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती सक्तीची आहे (कलम ५३७). एका कामासाठी दिलेलं दान त्याच कामाला वापरावं लागतं (कलम १२६७), आणि लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांपुढे ठेवावा लागतो (कलम १२८७). शिवाय चर्चचे न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० याखाली नोंदलेले असतील, तर हिशेबतपासणी चुकत नाही.

आता अडचण अशी की हिशेब उघड हवा आणि मदत घेणाऱ्याचं नाव झाकलेलं हवं. दोन्ही साधायची युक्ती साधी आहे. पैसे रोख न देता रुग्णालयाचं, औषधाच्या दुकानाचं किंवा शाळेचं बिल परस्पर चुकतं करायचं. पावती खजिनदाराच्या फायलीला लागते. वार्षिक सभेत 'वैद्यकीय मदत' या सदराखाली एकूण रक्कम वाचली जाते. कुणाला मिळाली ते सभेपुढे येत नाही. तातडीसाठी पाळकांच्या हाती थोडी रक्कम असते, त्याहून मोठी मागणी कमिटीपुढे जाते. कमिटी तीन गोष्टी पाहते: घरचे सख्खे नातेवाईक काय करू शकतात, सरकारी योजनेतून काय मिळेल, आणि ही गरज एकदाची आहे की महिनोन्‌महिन्यांची.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढून देणारा माणूस कधीकधी निधीपेक्षा मोलाचा ठरतो. मंडळीत एखादे निवृत्त कारकून असतातच, ज्यांना तहसील कचेरीतल्या खिडक्या पाठ असतात. या रिक्षाचालकाचा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे ते पाहतात. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात, हे त्यांना माहीत असतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका लागते, आणि रुग्णालयातल्या समाजसेवकाच्या टेबलापासून सुरुवात करायची असते. ते सकाळी आठला त्याच्या बायकोबरोबर रांगेत उभे राहतात. मंडळीच्या खात्यातून त्या दिवशी रुपयाही खर्च होत नाही आणि घरावरचं मोठं ओझं उतरतं.

काही अडचणींना मात्र दानाचा उपाय चालत नाही. वसईच्या शेतकऱ्यांना दर हंगामाला कर्ज लागे आणि ते सावकाराकडून येई. कितीही पेट्या फिरवल्या तरी ते फिटणारं नव्हतं. मोन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी त्यावर १९१८ साली सहकाराचा मार्ग काढला. त्यातून उभी राहिली ती बेसिन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. तीच गरज वर्षानुवर्षं परत येत असेल, तर ती पेटीकडून काढून संस्थेकडे द्यावी लागते, हे तिथे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

मृत्यू झाल्यावर

आपल्या कथेतला रिक्षाचालक दीड वर्षाने जातो. रात्री अडीचला पाळकांचा फोन वाजतो. इथून पुढचे बारा-पंधरा तास घरच्यांना काही सुचत नसतं आणि निर्णय मात्र भराभर घ्यायचे असतात. मंडळीची घडी सर्वांत पक्की बसलेली दिसते ती याच वेळी.

पहिलं काम डॉक्टरांचा दाखला मिळवणं, कारण त्याशिवाय दफनभूमीत नोंद होत नाही. एकजण त्यासाठी थांबतो. दुसरा सुताराकडे पेटीचं माप घेऊन जातो. तिसरा दफनभूमीच्या रखवालदाराला उठवतो: कुटुंबाची जुनी कबर आहे का, ती उघडता येईल का, की नवी खोदायची? उन्हाळ्यात खडकाळ जमिनीत कबर खोदायला अर्धा दिवस जातो, तेव्हा दफनाची वेळ खोदणाऱ्याला विचारूनच ठरवावी लागते. बाहेरगावची बहीण किती वाजता पोचेल, त्यावर बर्फाची पेटी मागवायची की नाही हे ठरतं. वसईकडे चर्चची घंटा संथ ठोक्यांनी वाजते आणि गावाला कळतं. गायकवृंदाला निरोप जातो. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सकाळचा चहा कुठल्या घरून, दुपारची भाकरी-आमटी कुठल्या घरून, हे महिला मंडळ फोनवर वाटून घेतं. पाहुणे किती येतील त्याचा अंदाज त्यांना घरच्यांपेक्षा अचूक असतो.

मृतांना पुरणं हे चर्चने दयेच्या सात शारीरिक कृत्यांत धरलं आहे. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला निवारा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट, आणि सातवं दफन. या कृत्यांसाठी लिस्बनमध्ये १४९८ साली 'मिझेरिकॉर्दिया' हा प्रापंचिकांचा बंधुसंघ निघाला. सोळाव्या शतकात तो पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आणि वसईतही आला. ज्याला खांदा द्यायला कुणी नाही त्याची प्रेतयात्रा काढणं हे त्या संघाचं ठरलेलं काम होतं.

दफनाचा खर्च हा नाजूक विषय. पेटी, खोदाई, गाडी, फुलं मिळून गरिबाला परवडत नाही, आणि त्या क्षणी कुणापुढे हात पसरणं तर अगदीच नकोसं. काही मंडळ्यांनी यावर नामी तोड काढली आहे. प्रत्येक घराने दरमहा थोडी वर्गणी द्यायची आणि कुणाचंही दफन त्याच निधीतून करायचं, बंगलेवाल्याचंही आणि झोपडीतल्याचंही. पेटी सगळ्यांची सारखी. मग ती मदत राहत नाही, हक्क होतो. कॅथलिक कायद्याचं ११८१वं कलमही बजावतं की गरीब माणूस योग्य अंत्यविधीला मुकता कामा नये.

दफनभूमीत पाळक वाचन करतात, गीत होतं, पेटी दोरांवर उतरवली जाते आणि जमलेला प्रत्येकजण मूठमाती देतो. मुंबईसारख्या शहरात जागा अपुरी असल्याने कबरी ठराविक वर्षांनी पुन्हा उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. कॅथलिक चर्चने १९६३पासून दहनालाही मुभा दिली आहे. २०२०च्या मार्चअखेर मुंबई महापालिकेने कोविडच्या सगळ्या मृतांचं दहन करण्याचा आदेश काढला आणि लगेच बदलला, तेव्हा दहनाचा प्रश्न ख्रिस्ती घरांपुढेही आला.

सगळं उरकल्यावर चर्चच्या दफननोंदवहीत नाव, वय, तारीख लिहिली जाते. सरकारी नोंद मात्र एकवीस दिवसांत वेगळी करावी लागते, आणि दुःखात हीच गोष्ट राहून जाते. म्हणून ते निवृत्त कारकून पुन्हा एकदा पिशवी घेऊन निघतात.

नंतरचं वर्ष

सातव्या दिवसाचा मिस्सा किंवा सांत्वनाची प्रार्थना होईपर्यंत घर भरलेलं असतं. महिन्याभराने येणंजाणं ओसरतं आणि बायकोला पहिल्यांदा हिशेब करायला वेळ मिळतो. रिक्षाचा हप्ता, परवान्याचं काय करायचं, मुलांची फी, सासूचं औषध. मंडळीची परीक्षा इथे असते, कारण आता घाई नाही आणि गर्दीही नाही.

नीट चाललेल्या मंडळीत पाळकांच्या डायरीत अशा घरांसाठी तारखा लिहिलेल्या असतात: महिना, तीन महिने, मृताचा वाढदिवस, पहिला नाताळ, वर्ष. नाताळच्या आधी कॅरल गाणारी मुलं घरोघर फिरतात, तेव्हा दुखवट्याच्या घरी आधी कुणीतरी विचारून येतं की गाणी चालतील का. काही घरांना हवी असतात, काहींना नुसती प्रार्थना. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कॅथलिक कुटुंबं कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. त्या गर्दीत वर्षभरात एकटं पडलेलं माणूस सहज ओळखू येतं.

पैशाच्या बाबतीत पुन्हा आधी कागद. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस अठरा ते एकोणसाठ वयात गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये मिळतात. विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्ज करता येतो. ते हातात पडेपर्यंतच्या महिन्यांचा किराणा मंडळीने उचलायचा. मंडळीच्या मदतीला अशी मर्यादा घालणं कठोर वाटतं, पण त्याची मुळं बायबलमध्येच आहेत. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात विधवांच्या यादीचे नियम आहेत: वय साठीच्या पुढे हवं, आणि मुलं-नातवंडं असतील तर आधी त्यांनी सांभाळावं, म्हणजे जिला खरोखर कुणी नाही तिला मंडळीला पुरं पडता येईल. ही यादी पुढे किती वाढली याचा एक आकडा टिकून आहे. २५१ साली रोमचे बिशप कॉर्नेलियस यांनी एका पत्रात लिहिलं की त्यांची मंडळी दीड हजारांहून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते. आपल्या लहानशा मंडळीला तेवढं जमणार नाही, पण यादी, अट आणि नातेवाइकांची जबाबदारी ही त्रिसूत्री आजच्या कमिटीलाही लागू पडते.

यंत्रणा कुठे अडते

हे सगळं ऐकायला जेवढं सुरळीत वाटतं, तेवढं नेहमी चालत नाही. शहरात भाड्याने राहायला आलेलं, नाव अजून गावच्या मंडळीतच असलेलं कुटुंब कुणाच्याच विभागात येत नाही. चर्चच्या निवडणुकीत विरोधात उभ्या राहिलेल्याच्या घरी भेटीला जायला पाय उचलत नाहीत. स्वाभिमानी माणूस उपाशी राहतो, पण समूहाच्या बैठकीत तोंड उघडत नाही. मार खाणाऱ्या बाईला प्रार्थना करून 'सांभाळून घे' म्हणणारे अजून आहेत. वास्तविक तिला २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे नेऊन पोचवणं हीच तिथली मदत. नैराश्य आणि व्यसन यांना भेट पुरत नाही, डॉक्टर लागतो. मंडळीने तिथवर सोबत करावी आणि उपचार डॉक्टरांवर सोडावा.

सर्वांत जुनी तक्रार पक्षपाताची. ती तर पहिल्या मंडळीतच झाली होती. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात सांगितलं आहे की यरुशलेमात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा रोजच्या वाटपात मागे राहू लागल्या, आणि त्यांनी हिब्रू बोलणाऱ्यांविरुद्ध कुरकुर केली. प्रेषितांनी मंडळीला सात माणसं निवडायला सांगून वाटप त्यांच्याकडे सोपवलं. स्तेफन, फिलिप आणि बाकीचे पाच. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या ताटात कमी पडत होतं, वाढायला बहुधा त्यांचीच माणसं बसवली गेली.

आजही मार्ग तोच आहे. रिक्षाचालकाची बायको दीड वर्ष डायलिसिसच्या खोलीबाहेर बसली आहे. समाजसेवकाच्या टेबलावर कुठला कागद आधी मागतात, कुठला नंतर चालतो, रात्री तिथे चहा कुठे मिळतो, कुठल्या भेटीने बरं वाटलं आणि कुठल्या भेटीने जीव नकोसा झाला, हे कमिटीतल्या कुणाहीपेक्षा तिला जास्त ठाऊक आहे. वर्ष सरल्यावर पाळक तिला विचारतात, "ताई, दर गुरुवारी सिव्हिलला भेटीला जाल का? बरोबर कुणीतरी देतो." ती गेली की मंडळीला अनुभवी माणूस मिळतं आणि तिच्यावरचा 'मदत घेणारी' हा शिक्का पुसला जातो. म्हणून एखाद्या मंडळीचं हे काम कसं चाललं आहे हे पाहायचं असेल, तर हिशेबाच्या वहीबरोबर भेटीला जाणाऱ्यांची यादीही मागावी, आणि त्यातल्या किती जणांनी मागच्या काही वर्षांत स्वतः मदत घेतली होती ते मोजावं.